राजानंद सर आणि फ्लेक्सवरचा फोटो

मंठ्याच्या ज्युनिअर कॉलेजात राजानंद सर इतिहास शिकवतात आणि आपल्या गावात साप धरतात. वीस वर्षं झाली. कुणाच्या घरात साप निघाला की सरांना फोन, आणि सर हातातला घास टाकून काठी नि बरणी घेऊन हजर. साप लांब माळावर नेऊन सोडणार. चहाशिवाय कुणाचं काही घेतलं नाही. एवढा भला माणूस! पण भल्या माणसालाही आपला फोटो बघायची हौस असतेच की.

यंदा पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीनं चौकात फ्लेक्स लावला, ‘गावाची शान’. त्यावर सर्पमित्र म्हणून कोण, तर सरपंच सर्जेरावांचा पुतण्या अंगद. या पठ्ठ्यानं दोन महिन्यांत चार साप धरले, त्यातले तीन बिनविषारी, आणि चारही वेळा व्हिडिओ काढले. शाल, श्रीफळ, टाळ्या, सगळं त्याला. सरांनीही मागच्या खुर्चीवरून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन बायकोवर, रूपालीवर डाफरले, "वीस वर्षं काय झक मारली का मी?" राग खोटा नव्हता. वीस वर्षं कमी नसतात हो.

गंमत बघा, त्याच आठवड्यात ते अकरावीला प्राचीन ग्रीस शिकवत होते. ग्रीकांच्या जुन्या काव्यातला एक वीर, सगळ्यांत शूर. राजानं त्याचा मान हिसकावला, तर हा रुसून तंबूत बसला, आणि बाहेर त्याचीच माणसं पटापट मरायला लागली. दुसरा वीर समोरच्या बाजूचा. बायको अडवतेय, लेकरू तान्हं, मरण समोर दिसतंय, तरी आपल्या नगरासाठी वेशीबाहेर गेला.

"ग्रीकांना पहिलाही मोठाच वाटायचा," सर म्हणाले. "मान हीच त्यांची कमाई. मान न्हाई तर लढायचं कशाला, असा त्यांचा सवाल. पण आपलं मत दरसाल दुसऱ्याला." पोरांनी माना डोलावल्या.

दोन दिवसांनी सकाळीच भारतचा फोन आला. भारत म्हणजे खालच्या गल्लीतल्या चांगुणाबाईचा लेक. "सर, जळणात नाग शिरलाय. जल्दी या!"

सर बूट घालायला वाकले होते, पण तोंडातून निघून गेलं, "फ्लेक्सवर ज्याचा फोटो हाय, त्याला बोलव की." आणि फोन कट.

"अहो, काय बोलून राह्यले तुम्ही?" रूपाली म्हणाली. सर खुर्चीत बसून राहिले. भारत परत फोन करील, विनवील, मंग जाऊ, असं त्यांच्या मनात होतं. फोन आला नाही.

भारत अंगदच्या घरी पळाला. अंगद जालन्याला गेल्ता. भारत परत येईस्तोवर चांगुणाबाईला नाग चावला होता. दवाखान्यात जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. जन्मभर कापूस वेचलेला हात तो.

सरांनी दवाखान्यात भारतला गाठलं. भारत त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "आईला सांगितलं, सरांचा फोन लागला न्हाई. गावात बी तेच सांगितलं. तुमी बी तेच सांगा. खरं कळलं तर लोकं तुम्हाला बोलावणार न्हाईत, अन् उद्या दुसऱ्याच्या घरात निघाला तर?" यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

अकरा दिवसांनी बाई घरी आली. सर भेटायला गेले. वर्गात तास तास बोलणारा माणूस, बाजेपाशी मान खाली घालून उभा. "चांगुणाबाई, फोन लागला होता. मीच आलो न्हाई. फ्लेक्सवर माझा फोटो नव्हता म्हणून."

"मालूम हाय," चांगुणाबाई म्हणाली. "फोन स्पीकरवर व्हता. भारतला वाटतं, म्हातारीला ऐकू येत न्हाई."

"मंग जळणात हात कशाला घातला?"

"घरात नातू रांगून राह्यला व्हता, सर. कुणी येणार न्हाई म्हणल्यावर काय करू? काठीनं ढोसाया गेले." मग तिनं आवाज खाली आणला. "मला कळलंय हे भारतला सांगू नका. तुमची लाज राखली म्हणून बिचारा खूश हाय."

सरांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पुढं कुणी बोलावलं तर जाताल ना?" तिनं विचारलं.

'जाईन' म्हणायचीसुद्धा त्यांना शरम वाटली.