न प्यालेली दारू

पडदे लावण्याचं काम म्हणजे दिवसभर हात वर. पडदेवाल्याची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. पण त्या हिवाळ्यापासून हात खांद्याच्या वर जाईनात. दांडी निम्म्यावर यायची आणि दंड गळून जायचे. त्यात पापण्यांवर जांभळट सूज, बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे. बरोबर काम करणाऱ्या मेहुण्याला तो म्हणायचा, "वय झालं रे." वय होतं जेमतेम चाळिशीचं.

एकदा एका वयस्क बाईंच्या घरी दांडी त्याच्या हातून निसटली आणि टेबलावर आदळली. टेबल वाचलं, पण हा घामाघूम झाला. बाई म्हणाल्या, "बस जरा." तो सोफ्यावर टेकला तो रुतलाच. उठायला गेला तर मांड्या दाद देईनात. मग सोफ्याचं कापड निरखत असल्याचा आव आणून बसून राहिला. पाणी आलं, चहा आला, बाईंची दुपारची झोपायची वेळ टळून गेली, तरी स्वारी हलेना.

"खरं सांग," त्याच्या पापण्यांकडे बघत बाई म्हणाल्या, "घेतोस ना?"

त्याने आयुष्यात थेंबाला शिवलं नव्हतं. तरी मान खाली घालून तो "हो" म्हणाला. साध्या सोफ्यावरून उठता येत नाही हे सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

शेवटी मेहुण्याने काखेत हात घालून त्याला उभं केलं. घरी पोचल्यावर मेहुणा आपल्या बहिणीला, म्हणजे पडदेवाल्याच्या बायकोला, सगळं सांगून मोकळा झाला.

बायकोने आरडाओरडा केला नाही. "कधीपासून?" एवढंच विचारलं.

"घेत नाही गं मी."

"मग त्या बाईंना हो कशाला म्हणालात?"

तो बनियन काढायला गेला आणि हात डोक्याशीच अडकले. बनियनच्या आतूनच म्हणाला, "हे बघ. हे असं आहे. हात वर जात नाहीत."

तिने बनियन ओढून काढला. आत तो रडत होता.

"दारुड्याची बायको म्हणवून घ्यायला लावलंत मला," ती म्हणाली, "पण हे सांगवलं नाही?"

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्याची बोटं निरखली, मग हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. तो उठू शकला नाही, आणि बायकोसमोर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रक्त तपासलं, स्नायूचा तुकडा तपासला. नाव निघालं डर्मॅटोमायोसायटिस.

"शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच स्नायूंवर आणि कातडीवर उलटली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजार दुर्मीळ आहे, पण संसर्गाचा नाही. यात तुमची काही चूक नाही."

"पण लोकांना काय सांगू?"

"आजारी आहे म्हणून सांगा," बायको परस्पर म्हणाली.

गोळ्यांनी चेहरा फुगला, उन्हात फिरणं बंद झालं. ताकद आली, पण हळूहळू, आणि पूर्वीइतकी नाहीच. आता शिडीवर मेहुणा चढतो आणि हा खालून मापं सांगतो. दारूचा विषय दोघंही काढत नाहीत. गिऱ्हाईक चेहऱ्याकडे बघत राहिलं की पडदेवाला आजाराचं नाव सांगतो. सांगताना अडखळतो, कानाच्या पाळ्या तापतात, नजर जमिनीला लागते. पण सांगतो.