टाचेतले चार थेंब

दूध प्यायली की पोरगी मलूल पडायला लागली, म्हणून नर्सबाईंनी तिच्या टाचेला सुई टोचून चार थेंब रक्त जाड कागदावर टिपलं. तो कागद बाहेरच्या टेबलावर वाळतोय आणि माझी नजर तिथून हलत नाही. लाल होतं ते तपकिरी झालं, मला एवढंच दिसतं, आणि ह्यातूनच म्हणे कळणार, तिला माझं दूध चालतं का नाही.

मी आठवीपर्यंतच शिकले. नर्सबाई म्हणाल्या, "अगं, दुधातलं प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ. ती पोटात सुटते, मग त्याच मण्यांनी बाळाचं अंग ओवलं जातं. हिला त्यातला एखादा मणी जिरत नसेल, तर तो रक्तात साठून मेंदूला बाधतो. रिपोर्ट येईपर्यंत अंगावर पाजू नको."

सासूबाई फणकारल्या, "आईचं दूध कधी बाधतं का? आम्ही पाच वाढवली, कागद न बघता."

नऊ महिने मीच ओवलं ना हिला, नखं, पापण्या, सगळं माझ्याच मण्यांनी. तेव्हा तिच्या वाटचंही मीच जिरवलं असेल. आता नाळ कापली, चार दिवसांचं लेकरू, एकटं कसं जिरवणार?

ती रडली की माझा ब्लाऊज भिजतो. आत सासूबाई नर्सबाईंनी दिलेलं, तो मणी काढलेलं पावडरचं दूध वाटी-चमच्याने पाजतायत, पण मी जवळ गेले की ती चमचा सोडून माझ्याकडे तोंड वळवते. म्हणून मी दाराबाहेर उभी आहे, तिला माझा वास येणार नाही इतकी लांब.