मामंजी आणि सॉसेजची साल

सॉसेजच्या सालीचा माझ्या सासऱ्यांइतका विचार केलेला माणूस म्हैसुरात दुसरा झाला नसेल. म्हैसुराबाहेर कुणी असलाच, तर त्याचं आणि यांचं पाच मिनिटंही पटलं नसतं. एरवी मामंजी इतके मवाळ, की आमटीत मीठ विसरलं तरी मुकाट जेवून उठत आणि वर "छान झालं होतं" म्हणत. शेजाऱ्यांनी भिंतीला भिंत लावून पत्र्याची मोरी उभारली, तेव्हा यांनी त्यांना शिडी नेऊन दिली. पण सॉसेज तव्यावर असताना कुणी काटा हातात घेतला, की त्या माणसाचा आवाज बदलायचा. "बेड, बेड. टोचू नको." बेड म्हणजे नको, हा मी शिकलेला पहिला कानडी शब्द, आणि तो मला सॉसेजने शिकवला.

मी साताऱ्याची. यांचे पणजोबा-खापरपणजोबा म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते, ते तिथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत उतरायचं आणि मधेच कुठेतरी मी मागे राहायची. नवरा कडकोळच्या कारखान्यात, त्याची पाळी बदलती. सासूबाई कामाच्या आणि अबोल. त्या घरात माझ्याशी पहिल्यांदा सलग अर्धा तास जर कुणी बोललं असेल, तर ते मामंजी, लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, आणि विषय हाच. मी तोवर सॉसेज पाहिलंही नव्हतं. ताटलीत ओळीने ठेवलेल्या त्या गुलाबी नळ्या बघून मी विचारलं, "हे काय आहे, मामंजी?" त्यांचा चेहरा असा उजळला, की जणू गेली तीस वर्षं ते याच प्रश्नाची वाट बघत होते.

लष्कर मोहल्ल्यात त्यांचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. तरुणपणी एका अँग्लो-इंडियन बाईंचं यंत्र दुरुस्त करायला ते त्यांच्या घरी गेले. बाई शाळेत शिकवायच्या, एकट्या राहायच्या. यंत्राचं काम लांबलं, बाईंनी जेवायला बसवलं, आणि मामंजींनी आयुष्यातलं पहिलं सॉसेज खाल्लं. बाहेरची साल पापडासारखी मोडली आणि आतला रस हनुवटीवर आला. "मी तिथंच ठरवलं," ते मला सांगत होते, "हे शिकल्याशिवाय उठायचं नाही. यंत्र तसंच ठेवलं नि त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो, गोत्ता, कळलं?" ते यंत्र पुढे दर दोन महिन्यांनी बिघडायला लागलं. बाईंनाही सोबत हवी असणार. बाई आपल्या लेकीकडे परदेशी गेल्या, तेव्हा जाताना त्यांनी आपला बिडाचा जड तवा मामंजींना दिला. तो तवा आमच्या घरात कुणी साबणाने घासलेला मी पाहिला नाही.

त्यांची रीत अशी. चर्चमागच्या गल्लीतून शनिवारी संध्याकाळी सॉसेजं आणायची आणि जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने एकेक टिपून कोरडी करायची. पुसताना त्यांचा हात तान्ह्या मुलाला आंघोळीनंतर पुसावं तसा चाले. मग ती जाळीच्या झाकणाखाली उघडी ठेवायची, म्हणजे साल सुकून ताठ होते. रविवारी तवा गार असतानाच त्यात ठेवायची, दोन चमचे पाणी घालायचं आणि वातीच्या स्टोव्हची ज्योत इतकी बारीक करायची, की स्टोव्ह पेटलाय की विझलाय याची खात्री करायला मला खाली वाकावं लागे. पाणी आटलं की सॉसेज आपल्याच चरबीत तळू लागतं. तेव्हापासून चिमट्याने जरा जरा फिरवत राहायचं, "निधान, निधान," म्हणजे सावकाश, सावकाश. घाईने मोठ्या आचेवर टाकलं की साल फुटते. टोचलं की रस वाहून जातो आणि साल चामड्यासारखी चिवट होते. या शेवटच्या मुद्द्यावर त्यांनी सख्ख्या मेव्हण्याशी एक अख्खी दिवाळी अबोला धरला होता. मेव्हण्याने गंमत म्हणून एक सॉसेज टोचलं होतं. मामंजींनी ते वेगळं काढलं, त्याच्याच पानात वाढलं आणि म्हणाले, "हे तुझं. आता खाऊन दाखव."

हे सगळं परसात, चिकूच्या झाडाखाली चालायचं, कारण सासूबाई स्वयंपाकघरात ते येऊ देत नसत. त्या बोकडाचं मटण आवडीने खात, पण सॉसेजला त्यांनी कधी बोट लावलं नाही. चूक मामंजींचीच होती. साल डुकराच्या आतड्याची केलेली असते, हे त्यांनी नव्या नवरीला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात, जेवताना, उत्साहाने समजावून सांगितलं होतं. आपले पूर्वज रानडुकरं मारून खात, असा युक्तिवादही त्यांनी करून पाहिला. "ते घोड्यावरही बसत," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही सायकलवरून पडता." त्यापुढे विषय वाढला नाही. दर रविवारी त्या मागच्या दाराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसत. तिथून परस सगळा दिसायचा.

मला मात्र मामंजींनी हाताशी धरलं. माझी सॉसेजं फुटत, कधी एका बाजूला करपत. ते कधी रागावले नाहीत. "तुला घाई कसली? साताऱ्याची गाडी पकडायची आहे?" असं म्हणून हसत. पहिली दोन वर्षं मला खरंच ती गाडी पकडावीशी वाटे, हे त्यांना ठाऊक असावं.

मग त्यांच्या दातांनी दगा दिला. डॉक्टरांनी उरलेले सगळे काढले आणि कवळी बसवली. कवळी लावून ते दुकानात जात, हसत, गिऱ्हाइकांशी बोलत, कुणाला फरक कळू नये. रविवारी तवा चढत होता, साल पूर्वीसारखीच तांबूस आणि ताठ होत होती. फक्त ताटं वाढली की ते म्हणत, "माझं झालं. तव्यावरचंच एक खाल्लं मी, आयतु, झालं." मी विश्वास ठेवला. महिनाभराने एकदा ते म्हणाले, "आता कंटाळा आला बघ. पुरे झालं ते." तवा भिंतीला टांगला गेला. ते दुकानातून लवकर घरी यायला लागले, सदरा खांद्यावर सैल दिसायला लागला. नवऱ्याने विचारलं तर म्हणाले, वय झालं.

एके दिवशी त्याच उंबऱ्याशी धान्य निवडताना सासूबाई मान वर न करता मला म्हणाल्या, "त्यांनी तव्यावरचं एकही खाल्लेलं नाही. मी इथूनच बघत होते. कवळी हलते चावताना. काढून खाल्लं तर चालतं, पण तुझ्यासमोर काढत नाहीत." माझ्यामुळेच तो माणूस उपाशी उठत होता.

पुढच्या रविवारी मी स्वतःच सॉसेजं आणली, पुसली, सुकवली आणि तवा काढला. मामंजी ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसले होते. पंधरा मिनिटांनी ते झाडाखाली आले. "ज्योत मोठी आहे," म्हणाले. मी कमी केली. "अजून." मग त्यांनी माझ्या हातून चिमटा घेतला आणि पुढचा पाऊण तास तेच जरा जरा फिरवत राहिले. सॉसेजं झाली, अशी की त्यांच्या हातूनही इतकी चांगली मी क्वचितच पाहिली होती. मी एक ताटलीत घालून त्यांच्यापुढे धरलं. "तुम्ही खा," ते म्हणाले, "माझं पोट भरलंय."

तेवढ्यात सासूबाई उंबरा उतरून आल्या. हातात भाजीची सुरी होती. त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या, ताटली ओढून घेतली, डाव्या हाताने ते सॉसेज धरलं आणि कापायला लागल्या. आधी पातळ चकत्या, मग चकत्यांचे बारीक तुकडे. चरबीने बोटं माखली तरी थांबल्या नाहीत. मामंजी बघतच राहिले. ताटली त्यांच्यापुढे सरकवून सासूबाई म्हणाल्या, "दात काढा नि खा. इथं कोण परकं आहे?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून जावं की बसावं, ते मला कळेना. शेवटी मी पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांच्याजवळ ठेवलं. त्यांनी झाडाकडे तोंड फिरवलं, कवळी काढून पेल्यात टाकली आणि परत वळले. गाल आत गेलेले, एकदम वीस वर्षांनी म्हातारे. एक तुकडा त्यांनी तोंडात घातला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तो जिभेवर फिरवत बसले.

"साल कशी झालीय?" मी विचारलं.

"बरी आहे," ते म्हणाले. दात नसल्याने शब्द ओले येत होते. "अजून दोन मिनिटं चालली असती."

सासूबाई हात धुवायला मोरीवर गेल्या, त्या बराच वेळ आल्या नाहीत.

त्यानंतर चार वर्षं दर रविवारी हे असंच चाललं. मामंजी तळायचे, सासूबाई कापायच्या आणि कवळी पेल्यात असायची. आपण काय कापतोय याकडे सासूबाई कापताना बघत नसत, आणि चव तर त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. मामंजी गेल्यावर वर्षभर आम्ही सॉसेज आणलं नाही. मग एकदा माझ्या मुलांनी हट्ट केला म्हणून मी तळलं. पानं मांडली, मुलांना हाक मारायला आत गेले आणि परत येऊन पाहते, तर सासूबाई सुरी घेऊन बसल्या होत्या. एका सॉसेजचे बारीक, अगदी एकसारखे तुकडे त्यांनी करून टाकले होते. मला बघून त्यांचा हात थांबला.

"सवय गं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याजवळ बसले आणि ते तुकडे एकेक करून सगळे खाल्ले. त्या सुरी मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होत्या. ताटली रिकामी झाल्यावर त्यांनी पदराला हात पुसले आणि विचारलं, "चांगलं लागतं का गं ते?"