अमृतलाल शेठांचं पाणी

तुकोजीराव धुमाळांना मी पहिल्यांदा पाहिलं ते गिरणीच्या बंगल्यावर, एका यंत्रवाल्या साहेबाच्या ताटात श्रीखंड वाढताना. साहेब दोन्ही हात आडवे धरून नको नको म्हणत होता आणि तुकोजीराव "एकच, एकच" म्हणत चौथा चमचा रिकामा करत होते. आजा गायकवाडी पागेतला शिलेदार, बाप हुजरातीत. पुढे घोडे गेले, तलवार खुंटीला लागली आणि तुकोजीरावांच्या वाट्याला आली ती चिमणलाल शेठच्या कापडगिरणीतली पाहुण्यांची बडदास्त. "आज्यानं माणसं पळवली, मी बसवून जेवू घालतो," असं ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे.

मी त्याच गिरणीत पत्रव्यवहाराचा कारकून. दत्तोपंत म्हणतात मला. राहायचो सयाजीगंजात, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्या आणि वर गच्ची.

पाऊस संपला, रस्ते वाळले की बाहेरगावचे व्यापारी लग्नसराईचा माल ठरवायला बडोद्याला येत. आश्विनातल्या त्या संध्याकाळी म्हणजे तुकोजीरावांचं राज्य. ओसरीवर गादी-तक्के, गुलाबपाणी, विडे, एखादा सतारिया. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला उशाशी तांब्या लागतो, कुणाला विड्याबरोबर दोन कौतुकाचे शब्द लागतात, सगळं त्यांच्या तोंडपाठ. खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटायचा. मी वर्षभर पत्रं लिहून जो व्यापारी हलायचा नाही, तो यांच्या बासुंदीवर हलायचा.

पण आदल्या वर्षी त्यांचा हात चुकला. सुरतेच्या एका जैन व्यापाऱ्याच्या ताटात बटाट्याची भाजी पडली. जमिनीखालचा कंद म्हणजे त्यांना वर्ज्य. पाहुणा भरल्या ताटावरून उठला. चिमणलाल शेठ तेव्हा काही बोलले नाहीत. या वर्षी अहमदाबादचे अमृतलाल शेठ येणार असं पत्र आलं तेव्हा मात्र त्यांनी माझ्यासमोर तुकोजीरावांना सांगितलं, "आ वखते महेमान भूख्या गया, तो तमे घेर बेसजो." पाहुणा उपाशी गेला तर नोकरी गेली, इतकं सरळ. तुकोजीराव पन्नाशी उलटलेले. पाहुण्यांची मनं राखण्यापलीकडे त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि घरी खाणारी पाच तोंडं होती.

अमृतलाल शेठही जैन. सूर्य बुडाल्यावर अन्नच काय, पाण्याचा थेंबही घ्यायचे नाहीत. तुकोजीरावांनी स्वयंपाकी महाराजाला चार वेळा बजावलं, कांदा-लसूण-बटाटा कोठीतूनच हलवला. गाडी चारला. बंगल्यावर पोचायला अर्धा तास, पाचला पानं, सहाच्या आत आचमन. हिशेब चोख होता.

गाडी चारला आली नाही. पाचलाही आली नाही.

सव्वापाचला तुकोजीराव घामाघूम होऊन माझ्या दारात. त्यांचं नवरात्र होतं, अष्टमी, नऊ दिवस एकवेळ फराळ. चेहरा उतरलेला. "दत्तोपंत, आता बंगला गाठणं होत नाही. पानं तुमच्याकडे मांडतो. नाही म्हणू नका."

नाही कसं म्हणणार! घोडागाडीतून डबे आले. इंदिराबाईंनी, म्हणजे आमच्या कुटुंबानं, खोली झाडली, पाट मांडले, रांगोळी ओढली. पुरणपोळी, बासुंदी, तुपातले मूग, सगळं आयतं आलं म्हणून आमची चूल विझलेलीच होती.

पावणेसहाला अमृतलाल शेठ आले. सत्तरीचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चिमणलाल शेठच्या हाताला धरून जिना चढले. त्यांचा मुनीम सामान सोडवायला स्टेशनावरच थांबला होता. शेठ पाटावर बसले, वाढलेल्या ताटाचा वास घेतला आणि हात जोडले.

"आजे तो मारे ओळी चाले छे, भाई."

तुकोजीरावांच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. आश्विनात आमचं नवरात्र, तशी त्यांची ओळी. नऊ दिवस दिवसातून एकदाच बसायचं, तेही तूप, तेल, दूध, मसाला काही नसलेलं उकडलेलं अन्न. ते शेठांनी दुपारी अहमदाबादेतच उरकलं होतं. बटाट्यापासून सूर्यास्तापर्यंत सगळं ध्यानात ठेवणाऱ्या तुकोजीरावांना हे सुचलं नाही आणि पत्र लिहिणाऱ्या मलाही नाही. स्वतःचा उपास चालू असला की दुसऱ्याच्याही घरी उपास असेल हे डोक्यातच येत नाही.

"मने बस पाणी आपो," शेठ म्हणाले. "उकाळेलुं. गाडीमां बपोरथी पीधुं नथी."

म्हातारा दुपारपासून तहानलेला. उकळलेलंच पाणी चालायचं, तेही सूर्य आहे तोवर. आता चुकलं तर उद्या सकाळपर्यंत घसा कोरडा. आणि घरात विस्तव नाही!

इंदिराबाईंनी स्टो काढला. एरवी एका काडीत पेटणारा, त्या दिवशी नुसता भकभकला. तुकोजीराव गुडघ्यावर बसून पंप मारत होते, मी पीन घालत होतो. अखेर ज्योत निळी झाली. अमृतलाल शेठांच्या नेमाप्रमाणे तीन उकळ्या आल्याशिवाय चालत नाही. एक आली. बाहेर चौकात गरब्याची ढोलकी तापवायला लागले होते. दुसरी आली. चिमणलाल शेठ दारात उभे, एकदा आमच्याकडे, एकदा घड्याळाकडे बघत. तिसरी आली तशी तुकोजीरावांनी पातेलं नुसत्या धोतराच्या सोग्यानं उचललं. बोटं भाजली ते मी पाहिलं. या भांड्यातून त्या भांड्यात ओतून ओतून निववलं आणि पेला नेऊन अमृतलाल शेठांच्या हातात दिला.

शेठांनी तो ओठांपर्यंत नेला आणि थांबले. आमची खिडकी पूर्वेची, समोर उंच भिंत, खोलीत केव्हाचाच अंधार. त्यात ते डोळे.

"तुकोजीराव, सूरज छे ने?"

"जोई आवुं, शेठ. बघून येतो."

जिन्यात चिमणलाल शेठनी त्यांचं मनगट धरलं. मी दोन हातांवर होतो, शब्द न् शब्द ऐकला. "कही दे, छे. समज्यो? छे." आहे म्हणून सांग.

स्वयंपाकघराच्या झरोक्यातून मला पश्चिम दिसत होती. रुळांपलीकडे आभाळ तांबडं होतं, सूर्य नव्हता. गेल्याला दोन मिनिटंही झाली नसतील. दोन मिनिटांनी कुणाचा धर्म बुडतो? मी असतो तर "आहे" म्हटलं असतं आणि रात्री गाढ झोपलो असतो.

तुकोजीराव गच्चीवरून उतरले. इतक्या सावकाश त्यांना उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं. चिमणलाल शेठांकडे त्यांनी बघितलंच नाही.

"आथमी गयो, शेठ," ते म्हणाले. "मावळला. माफ करा. मला उशीर झाला."

शेठांनी पेला खाली ठेवला. रागावले नाहीत, उसासाही टाकला नाही. फक्त जीभ ओठांवरून फिरवली.

"सूर्य गेला, शेठ, मीही पाहिलं," तुकोजीरावांच्या बाजूनं मी एवढं तरी बोलायला हवं होतं. मी स्टोचा वॉल्व्ह फिरवत बसलो.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर अमृतलाल शेठ पाणी प्याले, दुपारी माल पाहिला, वर्षभराची धोतरजोड्यांची मागणी नोंदवून गेले. म्हणजे गिरणीचं काही बिघडलं नाही. तरी संध्याकाळी तुकोजीरावांना घरी बसवलं. मालकानं सांगितलेलं पाहुण्यासमोर मोडलं, हा गुन्हा बटाट्याहून मोठा ठरला. ते तरसालीला भावाच्या शेतावर राहायला गेले. जाताना मला म्हणाले, "दत्तोपंत, म्हाताऱ्यानं मलाच का विचारलं हो? तुम्हाला विचारलं असतं तर सगळे सुखी झाले असते." टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. म्हणूनच ते लागलं.

पाहुण्यांचं काम माझ्याकडे आलं. इंदिराबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मग बोलायला लागल्या. संसार आहे.

पुढच्या आश्विनात अमृतलाल शेठ पुन्हा आले. ओळीचेच दिवस. मी दुपारपासून पाणी उकळून, निववून, झाकून ठेवलं होतं. गाडी वेळेवर आली. बंगल्याच्या ओसरीवर शेठ टेकले, डोळ्यांनी आता जवळजवळ दिसतच नव्हतं, मुनीम शेजारी.

"तुकोजीराव क्यां छे?"

"त्यांनी स्वतःहून काम सोडलं, शेठ," मी म्हणालो. चिमणलाल शेठनी तसंच सांगायला सांगितलं होतं.

"एम?" असं होय, अशा सुरात शेठ म्हणाले आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मी पेला त्यांच्या हातात दिला.

"सूरज छे?"

होता. झाडांच्या शेंड्यावर लख्ख होता. माझ्या तोंडावर ऊन पडलं होतं.

"आहे, शेठ," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पेला तसाच हातात धरून ठेवला आणि मुनिमाकडे वळून आभाळाकडे बोट केलं.

"जरा तुं जोई आव, भाई."