इंजिनीअरची बोटं

काल्हेरच्या गोदामात माझी खुर्ची दारापासून लांब होती आणि पंख्यापासूनही, तरी ती मला सोडायची नव्हती. कोन गावाहून दोन शेअर रिक्षा बदलून मी तिथे पोचायचे आणि दिवसभर ट्रकांची चलानं काढायचे. घरच्यांचं म्हणणं साधं होतं: नोकरी आहे तोवर ठीक, सुटली की मुलगा बघायचा. मला इतक्यात मुलगा बघायचा नव्हता.

भारनियमन ऐन भरात होतं तेव्हाची ही गोष्ट. लाइट गेली की यूपीएस जरा वेळ कण्हायचा आणि मान टाकायचा. लाइट आल्यावर आमचा काळ्या पडद्याचा लिनक्सवाला कॉम्प्युटर उठायचा, पण त्यातला मालाच्या साठ्याचा प्रोग्रॅम काही उठायचा नाही आणि त्याच्याशिवाय चलान निघायचं नाही. मग ठाण्याहून इंजिनीअर मोटरसायकलवर यायचा, मला उठवून माझ्या खुर्चीत बसायचा, टकाटका काहीतरी मारायचा आणि 'झालं' म्हणून निघायचा. तोवर ट्रकांची रांग पार रस्त्यापर्यंत. काय केलंत ते सांगा म्हटलं की म्हणायचा, तुम्हाला नाही जमायचं. वर तो गोदामाच्या मालकाच्या, शेठच्या कानाला लागला होता, की आपल्या ओळखीचा एक जाणकार माणूस आहे, त्यालाच या खुर्चीत बसवा. शेठनी मला तोंडावर सांगितलं, पुन्हा ट्रक अडकले तर तसंच करीन.

'नाही जमायचं' हे ऐकून माझं डोकं फिरतं. लहानपणापासून फिरतं.

कल्याणच्या क्लासमध्ये सरांनी एकदा 'स्क्रिप्ट' नावाची कमांड दाखवली होती. ती चालू केली की पुढे पडद्यावर जे उमटेल ते सगळं साठवलं जातं. पुढच्या वेळी इंजिनीअर आला तेव्हा मी ती आधीच चालू करून पडद्यावरच्या ओळी पुसून टाकल्या आणि बसा साहेब म्हणून खुर्ची दिली. मला त्यात चोरी वाटली नाही, आजही वाटत नाही. तो गेल्यावर दोन फाइली हाती लागल्या. एकीत काय उमटलं ते, दुसरीत किती थांबून उमटलं ते. 'स्क्रिप्टरिप्ले' म्हटलं की दोन्ही मिळून त्याची सगळी करामत पडद्यावर पुन्हा चालायची.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी तेच लावायचे. समोर कुणी नाही आणि अक्षरं आपली उमटताहेत. तो थांबला होता तिथे थांबून, पळाला होता तिथे पळून. फार पळाला की मी वेग निम्मा करायचे. पासवर्डच्या जागी मात्र नुसती शांतता, कारण पासवर्ड पडद्यावर दिसतच नाही. कुठली कमांड कशासाठी, ते मी कॉम्प्युटरमधल्याच मदतीच्या पानांत हुडकायचे. बंद पडलेला एक जुना कीबोर्ड मांडीवर घेऊन पडद्यावरच्या अक्षरांबरोबर बोटंही चालवायचे. 'स्टार्ट' लिहिताना इंजिनीअरची अक्षरं हमखास उलटी पडायची, 'स्ट्रॅट' व्हायचं, मग मागे येऊन तो ते सुधारायचा. ते बघून मला बरं वाटायचं, साहेबही चुकतात म्हणून.

एका शुक्रवारी लाइट गेली, आली, आणि प्रोग्रॅम बसला. इंजिनीअरला फोन लावला तर तो पुण्यात. उद्या येतो, तोवर कुणी हात लावू नका, म्हणाला. ट्रकवाले दाराशी जमले. आज आपणच हात लावायचा, पण त्याआधी एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हणून मी रेकॉर्डिंग लावलं. तेवढ्यात शेठ येऊन मागे उभे राहिले. पडद्यावर 'प्रोग्रॅम चालू झाला' अशी शेवटची ओळ आली, ती त्यांनी वाचली आणि खुशीत ड्रायव्हरांना हाक मारली, चलो, चलान ले लो.

मला सांगावंच लागलं, की शेठ, हे मागच्या महिन्यातलं आहे, मशीन अजून बंदच आहे.

शेठनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"लग्नाची क्यासेट बघून लगीन लागतं का गो पोरी?"

ड्रायव्हर हसले. माझे कान तापले. शेठचं बोलणं खरं होतं म्हणून राग जास्तच आला.

"पासवर्ड सांगा शेठ," मी म्हटलं. "आज लावूनच दाखवते."

ते जरा घुटमळले. मग वाकून त्यांनी माझ्या कानात त्यांच्या शर्यतीच्या बैलाचं नाव सांगितलं. रेकॉर्डिंगमधल्या त्या शांततेत इतके दिवस एक बैल उभा होता तर.

मी टाइप करायला लागले. बोटांना रस्ता पाठ होता. 'स्टार्ट'पाशी आले आणि बोटांनी 'स्ट्रॅट' लिहिलं, मागे आली, सुधारून पुढे गेली. त्याची चूकसुद्धा मी पाठ केली होती. प्रोग्रॅम उठला, प्रिंटर करकरला, पहिलं चलान निघालं. माझ्यासाठी चहा सांगून शेठ दाराशी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी इंजिनीअर आला आणि सवयीने माझ्या खुर्चीपाशी गेला. शेठ म्हणाले, "तू उभा र्‍हा. ती करतंय त्या बघ." मी प्रोग्रॅम बंद केला आणि पुन्हा चालू करायला घेतला. तो मागे हाताची घडी घालून उभा. मी 'स्ट्रॅट' लिहिलं, मागे आले, सुधारलं.

"हे तर माझं आहे," तो हळूच म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "तुमच्याकडूनच शिकले."

तो भिंतीकडचं स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला. मला ऊठ म्हणाला नाही.