राजेगाव रोडवरचा नट

देविदासभाऊ आज सकाळी गेला.

शेठचा पाय आपल्या चुकीनं गेला, असं त्याला मरेपर्यंत वाटत राहिलं.

तसं नव्हतं. हे फक्त मला माहीत होतं.

पोस्ट मोठी आहे. नुसतं आरआयपी लिहून पुढे जायचं असेल तर जा, माझा राग नाही. पण ज्यांनी भाऊला ओळखलं त्यांनी वाचा.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. बालाघाटात स्टँडमागे भाऊचं गॅरेज होतं आणि मी त्याचा जोडीदार मिस्त्री. पाना कसा धरायचा इथपासून सगळं मला त्यानंच शिकवलेलं.

मँगनीजच्या एका ठेकेदार शेठनं कलकत्त्याहून सेकंडहँड विलायती गाडी आणली. दोन दारांची, बुटकी, पळायला वेडी. राजेगाव रोडची वळणं त्याला ब्रेक न मारता घ्यायची होती.

"मिस्त्री, मोड़ पे गाड़ी चिपकनी चाहिए," एवढीच त्याची फर्माईश.

म्हणजे कॅम्बर वाढवायचा. पुढच्या चाकांचा माथा थोडा आत झुकवायचा, मग वळणावर टायर रस्त्याला नीट बसतो. फार झुकवला तर सरळ रस्त्यावर गाडी भटकते.

आता मशीन लावलं की स्क्रीनवर आकडे येतात. भाऊकडे गवंड्याचा ओळंबा होता. तो चाकाशेजारी लोंबता सोडायचा आणि रिमपासूनचं अंतर पट्टीनं मोजायचा. गाडीच्या दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून चाकं सरळ आहेत का ते बघायचा.

सीटवर शेठच्या वजनाइतकं धान पोत्यात भरून ठेवलं होतं. शेठला हसू आलं. भाऊ म्हणाला, माणूस बसला की गाडी दबते, रिकाम्या गाडीचं माप काय कामाचं?

दीड दिवस लागला. पातळ पत्र्याचे तुकडे, आम्ही त्यांना शिम म्हणायचो, ते टाक, काढ, पुन्हा मोज.

"जरा जास्तच होऊन राह्यलं," तो मला म्हणाला. "पण शेठले असंच पाह्यजे."

शेवटचं काम माझं होतं. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जो रॉड जातो, त्याची लांबी जुळवली की वरचा नट कसून टाकायचा, नाहीतर रॉड सैल होऊन धावत्या गाडीचं चाक भलतीकडे वळतं. आमच्या गॅरेजचा नियम होता, कसलेल्या प्रत्येक नटाला चुन्याचं बोट लावायचं. तंबाखूच्या डबीतला चुना. पांढरा ठिपका दिसला की त्या नटाला पुन्हा कोणी पाना लावायचा नाही.

डावीकडचा नट मी नुसता हातानं फिरवून ठेवला. ट्रायलनंतर थोडं कमीजास्त करावं लागेल, मग कसू, असा विचार.

तंबाखू मळत होतो. बोटाला चुना होताच. लावून टाकला.

तेवढ्यात घरून निरोप आला, गोंदियाहून मुलीकडचे पाहुणे आलेत. मी हात पुसत पळालो. ट्रायल भाऊनं घेतली, गाडी सरळ चालली, ठिपके बघितले आणि शेठला चावी दिली.

मी विसरलो. खरंच विसरलो.

चौथ्या दिवशी राजेगावच्या अलीकडे, चांगल्या सरळ रस्त्यावर, गाडी मोहाच्या झाडावर गेली.

शेठला लोकांनी दवाखान्यात हलवलं होतं. गाडी ओढून आणायचा निरोप आम्हाला आला. भाऊ ट्रक बघायला गेला, मी सायकलनं आधी पोचलो.

खाली वाकून बघितलं. डावा नट पाच-सहा आटे मागे आला होता. चुन्याचा ठिपका तसाच.

माझ्या खिशात पाना होता. मी तो नट कसला.

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मग भाऊ आला. एकेका नटाला पाना लावून बघितला, सगळे घट्ट. चाकाजवळ उकिडवा बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

"कॅम्बरच जास्त झाला," तो म्हणाला. "मले समजत होतं. काहून आयकलं मी शेठचं?"

मी गप्प राहिलो. लग्न ठरत होतं. पोलीस, शेठ, होणारा सासरा, सगळ्यांची भीती वाटली. पुढे भीती गेली, पण मग लाज आड आली.

शेठचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानं तक्रार केली नाही. भाऊनं स्वतःच गॅरेज सोडलं आणि उकव्याला ट्रकांची पंक्चरं काढायला गेला. बालाघाटातला सगळ्यात चांगला हात, आणि पंक्चरं काढत बसला. गॅरेज मी चालवलं, घर बांधलं, पोरांची शिक्षणं केली.

दर दिवाळीला तो घरी यायचा. फराळाची ताटली बाजूला सारून कागदावर चाक काढायचा.

"दोन शिम कमी टाकले असते तं?"

जाऊ दे ना भाऊ, असं मी म्हणायचो. त्याला वाटायचं मी त्याचं मन राखतोय. माझ्या बायकोला सांगायचा, तुझा नवरा लई चांगला माणूस हाय. तेव्हा जमीन फाटून पोटात घेईल तर बरं वाटायचं मला.

गेल्या महिन्यात दवाखान्यात गेलो ते सांगायचं ठरवूनच. त्यानं डोळे उघडले आणि पुन्हा तेच विचारलं. मी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि घरी आलो.

आज दुपारी सुनंदाचा, त्याच्या मुलीचा, फोन आला. माझा भाऊ पुण्याहून निघालाय, तो पोचला की उद्या वैनगंगेवर नेऊ. काका, दोन शब्द तुम्हीच बोला, बाबाच्या सगळ्यात जवळचे तुम्ही.

मग म्हणाली, "फक्त त्या गाडीच्या चुकीचं काही काढू नका. लोक अजून बोलतात."

मी हौ म्हणून फोन ठेवला.

सुनंदा, मी ते काढणार आहे. उद्या घाटावर, सगळ्यांसमोर. चूक तुझ्या बाबाची नव्हती, माझी होती, आणि ती मी माझ्या हातानं लपवली. हे वाचून तू मला येऊ नको म्हणालीस, तर मी घाटावर न उतरता लांब पुलावर उभा राहीन.

भाऊ, तुझा कॅम्बर बरोबर होता. तू विचारत होतास तेव्हा सांगायला हवं होतं.

हात जोडतो. जा आता.