पंक्चरचा खुलासा

माझे वडील महामार्गाच्या गस्तीवर हवालदार होते. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या एका चौफुलीवर त्यांची गाडी उभी असायची, आणि आम्ही तालुक्याच्या गावी पोलीस क्वार्टरमध्ये राहायचो. मी नुकतीच एका शाळेत मराठी शिकवायला लागले होते. घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं.

हिंगणघाटहून पाहुणे मला पाहायला येणार होते. बाबांनी सुटी मागितली, ती मिळाली नाही. मग भर दुपारी ते ड्यूटी सोडून गस्तीच्या गाडीतूनच घरी आले. ड्रायव्हरकाका क्वार्टरच्या मागे गाडीत बसून राहिले. बाबांनी शर्ट बदलला, फोन सायलेंट केला आणि पाहुण्यांसमोर येऊन बसले. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तेव्हा ते खुशीत बोलत होते. इतकं खुशीत मी त्यांना फार कमी पाहिलं आहे.

नेमकं तेव्हाच चौफुलीजवळ एका ट्रकने मोपेडवरच्या माणसाला उडवलं. संत्र्याच्या बागेत मजुरी करणारा माणूस, जेवायला घरी निघालेला. चहाच्या टपरीवाल्याने फोन लावला. अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली होती आणि पोलीस आल्याशिवाय त्याला उचलायची कोणाची हिंमत होईना. गस्तीची गाडी जागेवर असती तर तिनेच त्याला नेलं असतं. बाबांनी चहा संपल्यावर फोन पाहिला आणि तसेच धावले, पण तोवर पाऊण तास गेला होता. नागपूरला नेताना वाटेतच तो माणूस गेला.

बाबांनी नोंदवहीत लिहिलं, गाडीचा टायर पंक्चर झाल्यामुळे पोहोचायला उशीर झाला. ड्रायव्हरकाकांनीही तेच सांगितलं.

मयताच्या भावाने तक्रार केली. बाबांना नोटीस आली. ती घेऊन ते माझ्याजवळ बसले.

"तुयं मराठी चांगलं हाये. खुलासा तू लिहून दे."

"काय लिहू?"

"वहीत हाये तेच."

मी लिहिलं. चाक कुठे बसलं, बाभळीखाली गाडी कशी घेतली, नट कसे गंजले होते, सगळं लिहिलं. सांगायला लाज वाटते, पण लिहिताना मला कागद जमत असल्याचं समाधान होतं. शेवटी एक वाक्य माझ्या मनाने घातलं: 'वेळेत मदत करू शकलो नाही, याचे दुःख मला आयुष्यभर राहील.' बाबांनी वाचून सही केली. माझ्याकडे पाहिलं नाही.

विभागीय चौकशी वर्ध्याला होती. बाबांचं बीपी वाढलेलं, म्हणून आईने मला सोबत पाठवलं. बाबा आत गेले आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. शेजारी एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिने मला सरकून जागा दिली.

"तू कायले आली वं बाई?"

"बाबांसोबत."

"मले साक्षीले बलावलं. माह्या पोराचे बाबा रस्त्यावर पडून होते न."

ती शांतपणे बोलत राहिली.

"पोरानं मले त्या पोलिसाचा कागद वाचून दाखवला. आधी लय राग होता. पन चाक पंचर झालतं तं तो तरी काय करन? आयुष्यभर दुःख राहीन, असं लिवलं हाये त्यानं. एवढं कोन लिवते?"

मी मान खाली घातली. तिला वाटलं मला तिची कीव आली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

परतीच्या बसमध्ये आर्वी मागे पडली. मग मी बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "मले माहीत हाये. आत तिनं माह्याकडं पाहून हात जोडले."

पुढच्या तारखेला त्यांनी खरं सांगितलं. मित्रांनी वेड्यात काढलं. केस सुटत आली होती, असं ते म्हणाले. ड्रायव्हरकाकांची वेतनवाढ रोखली गेली, त्यानंतर ते आमच्या दारात कधी आले नाहीत. बाबांना हवालदारावरून शिपाई केलं. आईने ब्लेडने बाह्यांवरच्या फितींची शिवण उसवली. मग उसवलेले दोरे एकेक करून काढत बसली. खुलासा माझ्या अक्षरात होता, पण 'मी सांगितलं तसं पोरीने उतरवलं,' असं बाबांनी म्हटलं, आणि मला कोणी काही विचारलं नाही.

शिक्षा लागल्यावर बाबा त्या बाईकडे गेले. मीही गेले. तिने ओळखलं, बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. बाबा म्हणाले, "बाई, मी घरी होतो. पोरीले पाहुणे आलते."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"समजलं मले," ती म्हणाली. "पोरानं सांगितलं. तुमी खरं बोलले, चांगलं केलं असन. पन पंचर होतं तवा मले झोप लागत होती. आता रोज वाटते, हे वाचले असते."

बाबांनी मान हलवली. आम्ही उठलो. तिने दारापर्यंत यायचं टाळलं नाही. चपला घालताना बाबांचा तोल गेला तेव्हा तिनेच त्यांचा हात धरला.

माझं लग्न हिंगणघाटलाच झालं. त्या लोकांना सगळं माहीत होतं. सासूबाईंनी हा विषय एकदाच काढला. म्हणाल्या, आम्ही तेव्हा अर्धा तास आधी निघालो असतो तर.

बाबांची नोकरीची शेवटची दोन वर्षं कार्यालयाच्या गेटवर गेली. कालपरवा भरती झालेली पोरं त्यांना नावाने हाक मारायची. ते ठरल्या वेळेच्या आधी जात आणि पाळी बदलेपर्यंत जागा सोडत नसत. निवृत्तीच्या दिवशी मी माहेरी होते; ते निरोप समारंभ नको म्हणाले. पाळी संपवून दुपारी जेवायच्या वेळी घरी आले, गणवेश धुवायला टाकला आणि आईला म्हणाले, "भूक नाई."

त्या दिवशी कोणीच जेवलं नाही.